मदत हवी आहे : जुनं वाइड बेल्ट सँडर परत जोडलं, पण बेल्ट एकाच बाजूला पळतोय

नमस्कार मंडळी,

डिचोलीजवळ आमचा दारं-चौकटी आणि देव्हाऱ्यांचा छोटा कारखाना आहे. एका बंद पडलेल्या युनिटमधून १३०० मिमीचं जुनं वाइड बेल्ट सँडर (रुंद सँडपेपरचा पट्टा रोलरवर फिरवून लाकूड घासायचं मशीन) भंगाराच्या भावात घेतलं, दोन पावसाळे पत्र्याखाली पडून होतं म्हणून अख्खं सुटं केलं, गंज काढला, दोन्ही रोलरची बेअरिंगं, ब्रेकचे पॅड, प्लेटनचं (बेल्ट लाकडावर दाबणाऱ्या पट्टीचं) ग्राफाइट कापड सगळं नवीन घातलं आणि परत जोडलं. मोटर छान चालते, फिरायची दिशाही बरोबर आहे.

आता अडलंय ते असं. वरचा रोलर हवेने उचलला जाऊन बेल्ट ताणला जातो, तिथपर्यंत ठीक. पण चालू केल्यावर बेल्ट थोडा डावीकडे थोडा उजवीकडे असा डुलत राहायला हवा ना, तो सरळ मोटरच्या बाजूला सरकतो आणि चार-पाच सेकंदांत लिमिट स्विचला लागून मशीन बंद. टेपचा जोड असलेला बेल्ट आहे, तो बाजू बदलून चढवला तरी मोटरकडेच जातो, म्हणजे खोट बेल्टमध्ये नाही. बेल्टची कड ओळखायला हवेचं नोझल आहे, बेल्ट काढून त्याच्यासमोर पुठ्ठा धरला की वरचा रोलर वळतो, पुठ्ठा काढला की परत फिरतो. व्हॉल्व्ह आणि छोटा सिलिंडर चालू आहेत असंच मला वाटतं.

शंका एकच येतेय, तो सिलिंडर सोडताना रॉडच्या टोकाचे किती आटे बाहेर होते ते मी लिहून ठेवलं नाही. फोटो भरपूर काढले पण नेमकं तेच दिसत नाही. वरच्या रोलरच्या वळण्याचा मध्य आता कसा शोधायचा?

दुसरं, खालच्या रोलरचं रबर इतकं कडक झालंय की नखही रुतत नाही. बेळगावला उद्यमबागेत किंवा कोल्हापूरकडे कोणी रबर चढवून घेतलंय का? आमच्याकडे सागवान आणि फणस जास्त, व्हिनियर (लाकडाचा पातळ पापुद्रा) क्वचित. चवथीआधी ऑर्डरी द्यायच्या आहेत, हाताने घासून पोरांचे खांदे गेलेत.

---

प्रतिसाद :

दादा, तुमची शंका बरोबर आहे. बेल्ट ताणून, मेन स्विच बंद ठेवून, वरच्या आणि खालच्या रोलरमधलं अंतर दोन्ही टोकांना मोजा, ते आधी सारखं हवं. मग रॉडचा आटा एका वेळी एकच फेरा फिरवा आणि चालवून बघा. दोन्ही बाजूंना जायला बेल्टला सारखाच वेळ लागला की मध्य सापडला. जाड सागवान एका मापात आणायचं तर रबर कडकच लागतं, व्हिनियरला मऊ. पण जुनं रबर तडकलं असेल तर नवीन चढवाच, आणि चढवल्यावर ग्राइंड करून घ्या, नाहीतर फळीवर लाटा उठतात. आणि पावसात बेल्ट जमिनीवर ठेवू नका, कागदाच्या पाठीचे बेल्ट ओल धरून वाकतात, कोरड्या खोलीत पाइपावर टांगा.

---

धागाकर्ता :

खूप आभार. आत्ताच मोजलं, मोटरच्या टोकाला ३ मिमी कमी भरतंय. उद्या सकाळी ते सारखं करतो, मग आटा, आणि इथेच कळवतो.