मंडळीचा गरीबनिधी: चौकशी करून द्यावा, की मागेल त्याला?

नानापेठकर (धागा सुरू करताना)

सर्वांना सलाम.

प्रेषितांच्या, म्हणजे येशूने पाठवलेल्या पहिल्या शिष्यांच्या, शिकवणीवर आपल्या पुण्यातल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमधून (चर्चमधून) प्रवचनं भरपूर होतात. पण गरिबांपर्यंत पैसा आणि अन्न पोचवायची जी रीत त्याच प्रेषितांनी घालून दिली, ती आपण वाचतो आणि पान उलटतो. अर्पणाच्या थैलीत आलेलं सगळं एकाच खात्यात पडतं. त्यातून पाळकांचं मानधन, वीजबिल, रंगकाम, साउंड सिस्टिम, आणि उरलं तर गरीब. उरत नाही.

माझं म्हणणं असं की गरीबनिधी वेगळा असावा, त्याचा हिशेब वेगळा असावा आणि चौकशीशिवाय त्यातला रुपयाही जाऊ नये.

१ करिंथ १६ (प्रेषित पौलाचं करिंथच्या मंडळीला पहिलं पत्र, अध्याय १६) च्या पहिल्या चार ओव्या बघा. आठवड्याच्या पहिल्या दिवशी, प्रत्येकाने, आपापल्या मिळकतीच्या मानाने बाजूला काढून ठेवायचं. पौल आल्यावर वर्गणी मागत फिरायची वेळ येऊ नये म्हणून. वार ठरलेला, कोणी सुटलेला नाही, आकडा कमाईप्रमाणे, आणि सगळं आधी. पैसे घेऊन जाणारी माणसं पसंत करायची ती करिंथच्या मंडळीने. पौल फक्त पत्रं देणार. २ करिंथ ८:२०-२१ मध्ये तो कारणही सांगतो: एवढ्या मोठ्या रकमेबद्दल कोणी बोट दाखवू नये, देवापुढे आणि माणसांपुढेही व्यवहार चोख दिसावा. प्रे. कृत्ये (प्रेषितांची कृत्ये) २०:४ मध्ये बिरुयाचा सोपत्र, थेस्सलनीकाचे अरिस्तार्ख आणि सकुंद, दर्बेचा गायस अशी जी सात माणसं पौलाबरोबर निघालेली दिसतात, ती हीच वेगवेगळ्या मंडळ्यांची माणसं, असं बरेच अभ्यासक मानतात.

आज हे करायचं तर रविवारी दुसरी थैली फिरवा, रंग वेगळा ठेवा. उपासना संपल्यावर कोणी घरी जायच्या आत, नात्यात नसलेल्या दोघांनी टेबलावर मोजावं, दोघांनी वहीत सही करावी, आकडा त्याच दिवशी फलकावर लिहावा. "पुढच्या आठवड्यात मोजू" म्हणून थैली कपाटात गेली की घोळ तिथूनच सुरू होतो. ट्रस्टच्या जमाखर्चातही गरीबनिधीचं शीर्षक स्वतंत्र हवं, नाहीतर वर्षअखेरीस ती रक्कम रंगकामात मिसळून जाते आणि कोणी चोरी केलेली नसताना गरिबाचे पैसे गेलेले असतात. समजा साठ घरांनी दर रविवारी ५० रुपये टाकले, तर चार रविवारांचे १२,००० झाले. एवढ्यात दोन-तीन घरांना खरा आधार देता येतो. वीस घरांत वाटले तर कोणालाच नाही. म्हणून चौकशी.

खडकीवाला

बंधू, थैली, मोजणी, फलक या सगळ्याला माझा होकार. चौकशीला नाही.

आपल्याकडे चौकशी म्हणजे काय होतं ते बोलू या. बाई अर्ज घेऊन येते. कमिटीचे पाच पुरुष समोर बसतात. रेशनकार्ड, नवरा काय करतो, मोबाइल कुठला, मुलीला इंग्रजी माध्यमात कशाला घातलंय. याकोब २ मध्ये सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि मळक्या कपड्यातल्याला "तिथे उभा राहा" असं सांगणाऱ्यांना काय म्हटलंय? वाईट विचारांचे न्यायाधीश झालात, असं. त्याच अध्यायात पुढे उघड्याला आणि उपाशी माणसाला "सुखाने जा, ऊब घे, तृप्त हो" म्हणून वाटेला लावणारा येतो. त्याच्या बोलण्यात "आधी अर्ज भर" एवढं घातलं की आजची मंडळी झाली.

बारा प्रेषितांची शिकवण म्हणून जो जुना ग्रंथ आहे, दिदाखे, त्याच्या पहिल्याच अध्यायात मागेल त्याला द्या असं स्पष्ट आहे. गरज नसताना घेणाऱ्याचं काय? त्याचा जाब त्यालाच द्यावा लागेल, असं तिथेच लिहिलंय. कमिटीने तो आधीच मागावा असं नाही.

१ तीमथ्य ५:९ ची विधवांची यादीही कोणी पुढे करू नका. साठ वर्षं पुरी, एका नवऱ्याची, पाहुण्यांचा पाहुणचार केलेली, पवित्र जनांचे पाय धुतलेली. ही दारिद्र्यरेषेची यादी दिसते का? ती मंडळीत सेवा वाहिलेल्या स्त्रियांची नोंद आहे, असं मानणारे कितीतरी अभ्यासक आहेत. पस्तिशीतली विधवा दोन लेकरं घेऊन उभी असेल तर तिला हे वचन दाखवून परत पाठवणं हा पौलावर अन्याय आहे.

नानापेठकर

दिदाखे काढलंत ते बरं झालं. १८७३ मध्ये त्याचं हस्तलिखित सापडलं, १८८३ मध्ये छापून आलं, आणि तेव्हापासून लोक तुम्ही सांगितलेली ओळ सांगतात आणि लगेच पुढची सोडतात. आपण कोणाला देतोय हे कळेपर्यंत दान आपल्या हातात घामेजू दे, असं त्याच अध्यायाच्या शेवटी आहे. बाराव्या अध्यायात वाटसरूला दोन-तीन दिवस ठेवा, त्याहून जास्त नको, आणि कायम राहायचं असेल तर त्याला काम द्या. अकराव्यात तर पैसे मागणारा प्रेषित खोटा म्हटलाय. सुरुवातीच्या मंडळ्या भोळ्या नव्हत्या. फसवणूक त्यांनीही सोसली होती.

विधवांच्या यादीचं तुमचं निम्मं मान्य. पण १६ वी ओवी कुठे टाकता? ज्यांना नातलग आहेत त्यांना नातलगांनी सांभाळावं, मंडळीवर भार नको, म्हणजे ज्या खरोखर एकट्या आहेत त्यांना मंडळी पुरी पडेल. हा पैशाचाच हिशेब आहे.

पाच पुरुषांसमोर बाईला बसवणं चूकच. चौकशी तिच्या घरी जाऊन दोघांनी करावी, त्यात एक बाई हवीच, आणि विचारायचं फक्त तीन गोष्टींचं: सध्या चूल कशावर चालते, कोणतं देणं डोक्यावर आहे, दर महिन्याला नेमकं काय कमी पडतं. मोबाइल कुठला हे विचारायचं नाही. नाव वहीत लिहावं, व्यासपीठावरून कधीही नाही.

वडगावशेरीची वाचक

दोघंही एक गोष्ट सोडताय: ठरवणार कोण?

प्रे. कृत्ये ६. ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवा रोजच्या वाटपात मागे राहतात म्हणून कुरकूर होते. प्रेषित ती झटकून टाकत नाहीत, "सगळे प्रभूत एकच आहोत" असं प्रवचनही देत नाहीत. सात माणसं निवडा म्हणतात. आता निवडलेल्यांची नावं मोठ्याने वाचा: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, अंत्युखियाचा नीकलाव. सातही ग्रीक नावं. ज्यांची तक्रार होती त्यांच्या बाजूची माणसं वाटपाला बसवली. मला तर हा सबंध पुस्तकातला सर्वांत धाडसी कारभारी निर्णय वाटतो.

आपल्याकडे उलटं चालतं. कमिटीत तीच चार आडनावं, आणि मदतही फिरून त्यांच्याच गाववाल्यांकडे. कोणी मुद्दाम करत नाही. ज्याची अडचण कानावर येते त्याला मिळतं, आणि अडचण ओळखीच्याचीच कानावर येते. नगरकडून पूर्वीच आलेली घरं एकमेकांना ओळखतात, मराठवाड्यातून परवा आलेलं कुटुंब मागच्या बाकावर बसून निघून जातं. त्यामुळे माझी सूचना सरळ आहे: वाटप करणाऱ्यांत निम्मी माणसं मंडळीत नवी किंवा भाड्याच्या घरात राहणारी असावीत.

आणि निधीच्या आधी जेवणाचं बघा. हंगामाच्या सणाला प्रीतिभोजन असतं आणि त्याला कूपन असतं. समजा कूपन शंभर रुपयांचं. पाच जणांच्या घराला पाचशे. ते घर भांडत नाही, आशीर्वचन झालं की चपला घालून फाटकातून बाहेर पडतं. आणखी एक. रविवारी सकाळची पाळी करून येणारा वॉचमन, चार घरची भांडी आटोपून येणारी बाई दीड वाजता पोचते. तोवर बिर्याणीच्या पातेल्यात तळाला चिकटलेला भात आणि लिंबाच्या फोडी. १ करिंथ ११ मध्ये हेच आहे: एक उपाशी, दुसरा पिऊन तर्र. पौलाचा इलाज दोन शब्दांचा: वाट पाहा. आज त्याचा अर्थ कूपन बंद, खर्च आधी गोळा, आणि उशिरा येणाऱ्यांचं पातेलं झाकण लावून वेगळं.

यहूदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांच्या पंगतीतून उठल्यावरून प्रेषित पेत्रालाही अंत्युखियात पौलाने तोंडावर सुनावलं होतं, गलती २ मध्ये. आणि १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये, ख्रिस्ती मिशनऱ्यांकडे घेतलेल्या चहावरून टिळक-रानड्यांपर्यंत प्रायश्चित्ताचं प्रकरण गेलं, ते याच शहरात. कोण कोणाबरोबर खातं याचं वजन पुणेकराला वेगळं सांगायला नको.

पिंपरीकर

कूपनाचं पटलं. पण २ थेस्सल. ३:१० कोणीच का घेत नाही? काम न करणाऱ्याने खाऊही नये. धडधाकट माणसाला धान्याचं किट देऊन आपण त्याला बसवून ठेवतो. शिवाय सगळ्यांनी दशमांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा, दिला तर वेगळी थैली फिरवायची गरजच पडणार नाही.

खडकीवाला

पिंपरीकर, ते वचन नीट वाचा. काम *करायची इच्छा नाही* असा माणूस तिथे आहे. काम मिळत नाही असा नाही. सकाळी आठला मजूर अड्ड्यावर डबा घेऊन उभा राहिलेला गवंड्याच्या हाताखालचा माणूस इच्छा दाखवून बसलेलाच असतो. पावसाळ्यात स्लॅबचं काम थांबलं, आठवड्यात दोनच दिवस भरले, तर तो आळशी कसा? हे वचन नेहमी महिन्याचा पगार घेणाराच रोजंदारीवाल्याला का ऐकवतो, याचा विचार करा.

दशमांशाचं म्हणाल तर प्रेषितांनी मंडळ्यांना लिहिलेल्या पत्रांत गरिबांच्या वर्गणीसाठी दहा टक्के हा आकडा कुठेही नाही. जुन्या करारातला मलाखी सांगतो, पण पौल सांगतो ते मनात ठरवल्याप्रमाणे, कष्टी होऊन नाही, भीड म्हणून नाही. बारा हजार कमावणाऱ्याचे बाराशे आणि दोन लाख कमावणाऱ्याचे वीस हजार, दोघांच्या ताटात उरतं काय ते बघा. मिळकतीच्या मानाने म्हणजे वरच्याने दहावर थांबायचं नाही.

आणि याकोब ५:४ निधीच्याही आधी येतो. शेत कापणाऱ्यांची अडवलेली मजुरी ओरडते आहे. ज्या घरात धुण्याभांड्याच्या बाईचे दोन खाडे कापले जातात, पगार सात तारखेवरून पंधरावर जातो, त्या घराने दुसऱ्या थैलीत काय टाकलं याला माझ्या लेखी किंमत नाही.

वानवडीहून

थोडं व्यवहाराचं, कारण निधी संपतो तो दोन ठिकाणी: म्हातारी माणसं आणि दवाखाना.

म्हाताऱ्यांबद्दल १ तीमथ्य ५:८ इतकं कडक वचन दुसरं नाही. घरच्यांची तरतूद न करणारा विश्वास न ठेवणाऱ्याहून वाईट. मुलगा कमावता असून बघत नसेल तर मंडळीने आधी त्याच्या घरी दोन वडील माणसं पाठवावीत. तरी ऐकलं नाही तर २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे, प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे निर्वाहासाठी अर्ज करता येतो. आता कोणी १ करिंथ ६ काढेल, भाऊ भावावर फिर्याद करतो म्हणून. पण पौल तिथे आपसात निवाडा करणारा एक शहाणा तुमच्यात नाही का, असं विचारतो. मंडळीने निवाडा करायचा नाही आणि आईला अर्जही करू द्यायचा नाही, ही पौलाची शिकवण नव्हे. ज्यांना कोणीच नाही त्यांचा संजय गांधी निराधार किंवा, ६५ पुरी असतील तर, श्रावणबाळ योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात भरून द्यावा. तो बहुधा उत्पन्नाच्या दाखल्यावर अडकतो. तो दाखला आधी काढा.

दवाखान्याचं: धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. डिपॉझिट भरून मोकळं झाल्यावर कोणी विचारतं, तेव्हा उशीर झालेला असतो. दाखल करतानाच तिथल्या समाजसेवा विभागात रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन जायचं. निधीतून दहा हजार देण्यापेक्षा कागद घेऊन सोबत जाणारा माणूस रुग्णाला जास्त कामाचा.

नानापेठकर

हे मी धाग्याच्या सुरुवातीलाच लिहायला हवं होतं. गलती ६ मध्ये एकमेकांची ओझी वाहा असं आहे. ओझं वाहायला सोबत जावंच लागतं. वडगावशेरीच्या ताईंचं निम्म्या माणसांचंही मान्य.

एक भर. निधी फुटतो तो बहुतेक वेळा उत्साह ओसरल्यामुळे. करिंथकरांचंच बघा, वर्षभर आधी तयारी दाखवली आणि मग रेंगाळले, शेवटी पौलाला आपला सहकारी तीत आणि मंडळीतले दोन भाऊ पाठवावे लागले. त्यामुळे नाताळला किट वाटून मोकळं होण्यापेक्षा बारा महिने थोडं द्यावं. आणि घरात पिणारा असेल तर रोख नको. शाळेची फी शाळेत, औषधाचे पैसे मेडिकलवाल्याकडे.

खडकीवाला

रोख नको हे एका पिणाऱ्यापुरतं ठीक, सरसकट नको. किराणा तुम्ही निवडलात की तिच्या घरात तूरडाळ पडून राहते आणि गॅस संपलेला असतो.

माझ्याकडून शेवटचं एवढंच मागणं: उपाशी आलेल्याला चौकशी होईपर्यंत थांबवू नका. आठवड्याचा शिधा, माणशी दीड किलो तांदूळ, दीड किलो पीठ, अर्धा किलो डाळ, पाव लिटर तेल, चर्चच्या कपाटात कायम बांधलेला असावा. किल्ली दोघांकडे, त्यातली एक चर्चच्या आवारातच राहणाऱ्याकडे. विचारायचं काही नाही. घरभाडं, फी, दवाखाना यांसाठी तुमची दोन माणसं घरी जाऊ देत.

नानापेठकर

शिधा बिनचौकशी, मान्य. पण तेच घर सलग चौथ्या आठवड्यात आलं तर?

वडगावशेरीची वाचक

तर त्या घरात दर आठवड्याला अन्न कमी पडतंय, आणि तिसऱ्याच आठवड्यात कोणीतरी भेटायला जायला हवं होतं.