प्रतिसाद: आधी लिव्हिंग विल तरी करा
इच्छामरणाच्या चर्चेत वर कोणीतरी म्हटलंय की स्वित्झर्लंडसारखं करून टाका, ज्याला मरायचंय त्याला मदत घेऊन जाऊ द्या. मला नाही पटत. आपल्याकडे किती म्हाताऱ्यांना ना पेन्शन ना इन्शुरन्स, मुलांवर भार नको म्हणून गोळी अर्धी मोडून खातात, त्यांची 'इच्छा' खरी किती हे ठरवणार कोण?

पण नुसते उपचार थांबवणं वेगळं, ते २०१८ च्या निकालात सुप्रीम कोर्टानं मान्य केलंय आणि २०२३ मध्ये लिव्हिंग विलची (पुढे आपल्याला सांगता आलं नाही तर कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवायचं) प्रोसेस सोपी केली, आता दोन साक्षीदार घेऊन नोटरीपुढे सही केली तरी चालते. माझी आजी नाकातली नळी उपसायची म्हणून आयसीयूत तिचे हात बेडला बांधलेले, तिनं आधी लिहून ठेवलं असतं तर डॉक्टरांशी बोलायला आम्हाला काहीतरी आधार असता. फॅमिली डॉक्टरकडेही एक कॉपी देऊन ठेवा.