कुळागराच्या हिशेबाचं ॲप करायचंय, सुरुवात कुठून करू?

माडाखालून (सावईवेरे):
नमस्कार. मी बीकॉम, कुंडईला कारखान्यात शिफ्टला जाते. घरी कुळागर (माडा-पोफळींची बाग) आहे, साठेक माड. पाडप (नारळ उतरवणं) झालं की बाबा वहीत मांडतात: कुठल्या माडाचे किती नारळ, पाडेल्याला किती दिले, किती बाकी. गेल्या पावसात वही भिजली, दोन वर्षांचा हिशेब गेला. बाबा काही बोलले नाहीत, पण एकेक पान उन्हात सुकवत बसले होते. ते बघवेना, म्हणून ॲप.

तीन आठवडे फ्लटरचे (ॲप बनवायचं साधन) व्हिडिओ बघतेय. बघून टाइप केलं की चालतं. व्हिडिओ बंद करून कोरी फाईल उघडली की पहिली ओळही सुचत नाही. कॉटलिन या अँड्रॉइड ॲपच्या भाषेकडे वळू का? लॅपटॉप ८ जीबी रॅमचा, फोन अँड्रॉइड. कुळागरात रेंज नसते.

डिचोलीकर:
भाषा बदलू नका, कोरी फाईल तिथेही कोरीच असेल. फ्लटरचा नवा प्रोजेक्ट उघडला की अधिकचं बटण दाबून आकडा वाढवणारं ॲप आयतंच येतं ना? तेच घ्या. आकड्यावर 'विहिरीकडचा माड' लिहा आणि बटणाने नारळ मोजा. मग दुसरा माड जोडा. इथे अडाल, कारण दोन आकडे कुठे ठेवायचे ते तुम्हालाच ठरवावं लागेल. ते अडणंच तर हवंय.

ॲप बंद करून उघडलं की आकडा शून्य दिसेल, कारण तो फक्त तात्पुरत्या मेमरीत होता. एसक्यूलाइट (नोंदी साठवणारा डेटाबेस) तेव्हा शिका, आधी नको. तो डेटाबेस फोनमध्येच एका फाईलमध्ये राहतो, रेंजची गरज नाही. डेटाबेसचे तक्ते शोधत बसू नका, बाबांच्या वहीचे रकाने हेच तुमचे तक्ते. मी आमच्या भजनी मंडळाच्या वर्गणीचं ॲप असंच केलं. नोकरी सांभाळून चार महिने लागले.

पेडणे_३१:
८ जीबीवर एम्युलेटर (लॅपटॉपवरचा नकली फोन) नको, फार रखडतो. फोनच्या सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारा, यूएसबी डीबगिंग चालू करा आणि केबलने जोडा, म्हणजे ॲप थेट फोनवर चालवून बघता येईल. प्ले स्टोअरचं आत्ता मनातही आणू नका. खात्याचे एकदा २५ डॉलर, वर नव्या वैयक्तिक खात्याला १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. घरातल्या एका माणसासाठी एपीके फाईल (थेट फोनवर टाकायचं ॲप) पुरते.

एक मात्र कळकळीने सांगतो. ॲप काढून टाकलं की आतली नोंदही जाते. हिशेब सीएसव्ही फाईलमध्ये (एक्सेलमध्ये उघडते ती) बाहेर काढायची सोय लवकर करा. फोनही पाटाच्या पाण्यात पडू शकतो.

माडाखालून:
अकरा दिवसांनी लिहितेय. यादीतून माड निवडला की त्याचाच आकडा वाढतो, आणि हे मी व्हिडिओ न बघता लिहिलं! बाबांना दाखवलं. बराच वेळ बघून म्हणाले, "पडलेले नारळ वेगळे मांडायचे गो, ते पाडेल्याच्या हिशेबात येत नाहीत." म्हणजे आणखी एक रकाना. बंद केल्यावर सगळं शून्य होतं, डिचोलीकर दादा म्हणाले तसंच. आज रात्रपाळी नाही. एसक्यूलाइट उघडते.