शब्दचर्चा : सहज पडलेला प्रश्न, कुतूहल, शंका आणि नसत्या चौकशा

रेघोटी
पाण्यात बराच वेळ राहिल्यावर बोटं कशामुळे सुरकुततात? आरशात डावं-उजवं उलटतं, मग वर-खाली का उलटत नाही? दुसऱ्याची जांभई पाहून आपल्याला का येते? असे बारीकसारीक प्रश्न लोक अगदी अनोळखी माणसांना विचारतात आणि त्यांना सर्रास 'रँडम प्रश्न' म्हणतात. मराठीत नेमकं काय म्हणावं? कोशात 'यादृच्छिक' सापडतो, पण 'एक यादृच्छिक प्रश्न विचारतो' हे कुणाच्याही तोंडी बसणार नाही. शिवाय कुतूहल, जिज्ञासा, उत्सुकता, शंका, पृच्छा हे शब्द एकमेकांच्या जागी वापरलेले दिसतात. त्यांच्यातला फरक उदाहरणांसह कुणी उलगडून सांगाल का?

मुळाक्षर
'यादृच्छिक' संख्याशास्त्रातच राहू द्या. तिथे त्याला काटेकोर अर्थ आहे : साध्या यादृच्छिक नमुन्यात प्रत्येक घटक निवडला जाण्याची शक्यता सारखी असते. तुम्ही म्हणता त्या प्रश्नांत असं काही नसतं.

मराठी हे काम विशेषणाकडून करून घेतच नाही, क्रियापदाकडून घेते. 'मला एक प्रश्न पडला' या वाक्यात कर्ता आहे प्रश्न. माणूस चतुर्थीत जातो. भूक लागते, झोप येते, स्वप्न पडतं, तसाच प्रश्नही पडतो. तो मुद्दाम उभा केलेला नाही, आपसूक मनात आला, हे सगळं 'पडणे'मध्येच आलं. उरलेलं काम 'सहज' करतो (सह + ज, सोबत जन्मलेलं). 'सहज पडलेला प्रश्न' किंवा 'सहजच विचारतो' एवढं पुरे. नुसतं 'सहज प्रश्न' मात्र लिहू नका, त्याचा अर्थ 'सोपा प्रश्न' असा लागतो.

चालू विषय सोडून विचारायचं असेल तर 'अवांतर'. 'किरकोळ' आणि 'फुटकळ' प्रश्नाची किंमत ठरवतात, प्रकार सांगत नाहीत. विचारणाऱ्याने स्वतःच्या प्रश्नाला किरकोळ म्हटलं तर तो नम्रपणा ठरतो. उत्तर देणाऱ्याने म्हटलं तर समोरचा दुखावतो.

उंबरा
वरच्या प्रतिसादाला जोड. 'मला एक प्रश्न आहे' ही रचना इंग्रजीच्या वळणाची आहे. मराठी वळण 'एक विचारायचं होतं' असं. भूतकाळातलं 'होतं' इथे काळ दाखवत नाही, आर्जव दाखवतं. अनोळखी माणसाशी बोलताना हे फार उपयोगी पडतं.

दुसरं, 'प्रश्न' हा शब्द मराठीत विचारणा आणि समस्या अशी दोन ओझी वाहतो. 'पाण्याचा प्रश्न' असं शीर्षक दिलंत तर वाचणारा टंचाईचा विचार करणार. पाण्यात बोटं का सुरकुततात हे विचारायचं असेल तर 'पाण्याविषयी एक प्रश्न' असं लिहा. षष्ठी (-चा, -ची, -चे) लावली की समस्येचा अर्थ पुढे सरसावतो : झोपेचा प्रश्न, केसांचा प्रश्न, दातांचा प्रश्न. 'विषयी' किंवा 'बद्दल' लावलं की तो मागे हटतो.

अन्वय
आता फरकाकडे वळू.

कुतूहल समोर असलेल्या गोष्टीबद्दल वाटतं आणि उत्तर मिळालं की शमतं. लेखनात 'तू' दीर्घच, 'कुतुहल' चूक.

उत्सुकता पुढे घडणाऱ्या गोष्टीची असते : निकालाची, कुणाच्या येण्याची. ती लागते, वाढते, ताणली जाते. उत्कंठा ही तिचीच तीव्र अवस्था. उत् + कंठ, म्हणजे मान उंचावून वाट पाहणं. म्हणून 'आरशात असं का दिसतं याची मला उत्सुकता आहे' हे वाक्य कानाला खटकतं. तिथे कुतूहल हवं. 'काय उत्तर येतंय याची उत्सुकता आहे' हे मात्र बरोबर, कारण उत्तर अजून यायचं आहे.

जिज्ञासा हा शब्द इच्छादर्शक घडणीचा आहे. संस्कृतात धातूच्या पहिल्या अक्षराची द्विरुक्ती करून 'ते करण्याची इच्छा' असा अर्थ साधतात. ज्ञा (जाणणे) पासून जिज्ञासा, पा (पिणे) पासून पिपासा, मुच् (सुटणे) पासून मुमुक्षा, जि (जिंकणे) पासून जिगीषा, वच् (बोलणे) पासून विवक्षा. शुश्रूषासुद्धा याच घरातली : श्रु म्हणजे ऐकणे, म्हणून मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा, मग आज्ञापालन आणि शेवटी रुग्णसेवा. ब्रह्मसूत्रांची सुरुवात 'अथातो ब्रह्मजिज्ञासा' अशी होते. जिज्ञासेला किती वजन आहे ते यावरून लक्षात यावं. तिच्यात चिकाटी अपेक्षित आहे. बोटांच्या सुरकुत्या पाहून वाटतं ते कुतूहल. त्यासाठी त्वचेचे थर, रक्तवाहिन्या, चेतातंतू हे सगळं समजून घ्यायला बसणारा जिज्ञासू.

लेखनाचं एक : स्वतंत्र शब्द 'जिज्ञासू', पण समासात 'जिज्ञासुवृत्ती'. शब्दाच्या शेवटी येणारा उकार मराठीत दीर्घ लिहायचा, पण तत्सम ऱ्हस्वान्त शब्द समासाचं पूर्वपद झाला की ऱ्हस्वच ठेवायचा.

रेघोटी
'जिज्ञासा म्हणून विचारतो' असं पुष्कळ जण लिहितात. ते चूक मानायचं का?

अन्वय
चूक नाही, प्रश्नाच्या मानाने जड आहे. एका ओळीच्या प्रश्नाला 'कुतूहल म्हणून' पुरतं.

पानवेल
'पृच्छा'बद्दल कुणी बोललं नाही. प्रश्न आणि पृच्छा दोन्ही एकाच प्रच्छ् धातूचे. त्याचंच प्राकृतातून आलेलं रूप म्हणजे आपलं 'पुसणे'. विचारण्याचं 'पुसणे' आणि फळा पुसण्याचं 'पुसणे' ही दोन वेगळी क्रियापदं आहेत. दुसरं प्रोञ्छ् पासून आलं. उच्चार एक झाल्यामुळे बोलीत घोटाळा होऊ लागला आणि प्रमाण मराठीत 'विचारणे'ने पहिल्याची जागा घेतली, असं मला वाटतं. जुनं रूप 'विचारपूस' आणि 'वास्तपुस्त' यांत टिकून आहे.

पृच्छा आज फक्त औपचारिक लेखनात शोभते. 'माझी एक पृच्छा आहे' हे कार्यालयीन वाटतं. पृच्छक आणि प्राश्निक यांतही गल्लत नको : पृच्छक म्हणजे विचारणारा, प्राश्निक म्हणजे प्रश्नपत्रिका काढणारा.

विचारपूस माणसाची करतात, वस्तूची नाही. आजाऱ्याची विचारपूस होते. आरशाबद्दल फक्त प्रश्न विचारता येतो.

उंबरा
शंकेबाबत क्रियापद बदललं की अर्थ पार बदलतो, म्हणून जपून.

'शंका विचारणे' म्हणजे न समजलेला भाग विचारणे. यात समोरच्याच्या ज्ञानावर विश्वास आहे. 'शंका घेणे' म्हणजे समोरच्याच्या खरेपणावर संशय घेणे. 'शंका काढणे' म्हणजे खुसपट काढणे. 'शंका येणे' म्हणजे काहीतरी बिनसल्याचा वास लागणे. उत्तर देणाऱ्या अनोळखी माणसाला 'तुमच्या उत्तरावर एक शंका घेतो' असं लिहिलं तर त्याला ते टोचणारच. 'तुमच्या उत्तरातली एक शंका विचारतो' म्हणा.

चौकशीचंही तसंच. गाडीच्या वेळेची चौकशी करणं निरुपद्रवी. चौकशी 'लावली' किंवा 'बसवली' की ती आरोपाची होते, आणि अनेकवचनात 'चौकशा' म्हटलं की बहुतेक वेळा भोचकपणा सूचित होतो. नसत्या चौकशांसाठी एक जातिवाचक जोडशब्द अजून कानावर येतो. तो सरळ सोडून द्यावा. 'नसत्या चौकशा', 'भोचकपणा', 'खोदून खोदून विचारणे' यांत अर्थ पुरा येतो आणि कुणाचा अपमान होत नाही.

तर्जनी
नामांवर चर्चा बरीच झाली. माझ्या मते अनोळखी माणसाला विचारलेला प्रश्न फसतो तो 'का'च्या जागेमुळे. समोर चेहरा नाही, आवाजाचा चढउतार नाही, फक्त लिहिलेलं वाक्य आहे.

'बोटं सुरकुततात का?' याचं उत्तर 'हो'.
'बोटं का सुरकुततात?' याचं उत्तर कारण.

बोलताना पहिल्या वाक्यातल्या 'का'वर जोर देऊन कारण विचारता येतं, लिहिताना येत नाही. नकारात तर आणखी घोळ होतो. 'वर-खाली उलटत नाही का?' हे वाक्य 'उलटतंच की' असं सुचवतं. 'वर-खाली का उलटत नाही?' हे खरोखर कारण मागतं.

'का' ज्या शब्दाला चिकटून येतो त्यावर प्रश्नाचा रोख जातो, विशेषतः त्या शब्दाला 'च' असेल तर :

'पाण्यातच का सुरकुततात?' रोख पाण्यावर, म्हणजे इतर द्रवांशी तुलना हवी आहे.
'बोटंच का सुरकुततात?' रोख अवयवावर, म्हणजे हाताच्या पाठीवर, दंडावर तसं का होत नाही ते हवं आहे.
'लगेच का सुरकुतत नाहीत?' रोख वेळेवर.

तिन्हींची उत्तरं वेगळी. नुसतं 'का' लिहून सोडलं की उत्तर देणारा आपल्या सोयीचा रोख धरतो आणि विचारणाऱ्याला वाटतं, माझ्या प्रश्नाला बगल दिली.

त्याहून मोठा घोळ कारण आणि हेतू यांचा. 'का' दोन्ही विचारतो. 'फुलांना वास का असतो?' या प्रश्नाला एक जण सांगेल, पाकळ्यांतली सहज उडून जाणारी द्रव्यं हवेत मिसळतात म्हणून. दुसरा सांगेल, परागीभवन करणारे कीटक यावेत म्हणून. दोघंही बरोबर आणि दोघंही एकमेकांशी भांडणार. कारण हवं असेल तर 'कशामुळे', हेतू किंवा उपयोग हवा असेल तर 'कशासाठी' लिहावं. बोटांच्या बाबतीत 'कशामुळे'चं उत्तर असं : त्वचा पाणी शोषून नुसती फुगते हे स्पष्टीकरण अपुरं आहे, चेतासंस्था बोटांतल्या रक्तवाहिन्या आकसवते आणि वरची त्वचा आत ओढली जाते. बोटाकडे जाणाऱ्या चेतेला इजा झालेली असेल तर त्या बोटावर सुरकुत्या पडत नाहीत, हा त्याचा पुरावा. 'कशासाठी'चं उत्तर, ओल्या वस्तूवर पकड चांगली बसावी म्हणून, हे अजून वादाचं आहे. एकाच 'का'त दोन्ही कोंबले की पक्कं उत्तर आणि अंदाज यांची सरमिसळ होते.

पर्याय विचारतानाही असंच. 'हे निळं की काळं?' यात दोनातलं एक निवडून हवं आहे. 'हे निळं किंवा काळं आहे का?' याला 'हो' एवढं उत्तर पुरतं.

पानवेल
'का'च्या जागेचं पटलं. आरशाच्या प्रश्नात मात्र 'का' जागेवर असूनही प्रश्न फसतो, कारण त्यातलं गृहीतकच चुकलेलं आहे. आरसा डावं-उजवं उलटवतच नाही. उजवा हात उजव्याच बाजूला दिसतो, डोकं वरच दिसतं. उलटतं ते पुढे-मागे : तुम्ही आरशाकडे बोट दाखवलंत की प्रतिमेतलं बोट तुमच्याकडे वळतं. समोर माणूस वळून उभा आहे असं आपण मनात धरतो, म्हणून डावं-उजवं बदललंसं वाटतं. अशा प्रश्नाला 'चुकीचा प्रश्न' म्हणण्यापेक्षा 'गृहीतक तपासावं लागेल' म्हणणं योग्य. विचारणाऱ्याला पडलेला पेच खराच असतो. विचारतानाही 'का उलटतं?' ऐवजी 'उलटल्यासारखं का दिसतं?' असं लिहिलं की गृहीतक ढिलं होतं.

मुळाक्षर
'यक्षप्रश्न' इथे आणू नये, एवढं सुचवतो. आज तो 'न सुटणारा प्रश्न' या अर्थी चालतो, पण महाभारताच्या वनपर्वात यक्षाने विचारलेल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं युधिष्ठिराने दिली आणि भावांना परत मिळवलं. रूढ अर्थ आता बदलणार नाही, तरी जांभईच्या प्रश्नाला यक्षप्रश्न म्हणणं फारच झालं. 'बाळबोध' म्हणतानाही विचार करा. मोडीच्या जोडीला देवनागरीला बाळबोध लिपी म्हणत, म्हणजे सुबोध. आज 'बाळबोध प्रश्न' हा शब्द खिजवण्यासाठी वापरतात.

रेघोटी
'अनोळखी'ऐवजी 'तिऱ्हाईत' चालेल?

अन्वय
वाद असेल तर चालेल. तिऱ्हाईत म्हणजे दोन पक्षांच्या बाहेरचा तिसरा. त्याच्याकडून निःपक्षपाती मत अपेक्षित असतं. सामान्यरूपात 'तिऱ्हाइताला', इ ऱ्हस्व. परका म्हणजे आपला नसलेला, त्यात दुरावा आहे. उपरा तर नकोसा. बोटांचा प्रश्न विचारायला अनोळखीच बरा, तो फक्त ओळख नाही एवढंच सांगतो. संबोधन 'तुम्ही' ठेवा. 'आपण'चे दोन अर्थ होतात : 'आपण पाण्यात हात घातला की' यातला आपण म्हणजे सगळेच, 'आपण सांगाल का' यातला समोरचा. एकाच प्रश्नात दोन्ही आले की वाचणारा अडखळतो.

तर्जनी
शेवटाला 'कुणाला माहिती आहे का?' असं लिहितात. प्रमाण लेखनात 'माहीत आहे का'; माहिती हे नाम, ती मिळते, देतात, गोळा करतात. तरी त्या प्रश्नाला 'हो, आहे' एवढंच उत्तर येऊ शकतं. 'कशामुळे ते सांगाल का?' असं लिहिलं की उत्तराची दिशा ठरते. प्रश्नचिन्हही थेट प्रश्नालाच द्या. 'बोटं का सुरकुततात असा प्रश्न पडला' याच्या शेवटी पूर्णविरामच हवा.

पानवेल
उत्तर मिळाल्यावरची क्रियापदंही नोंदवून ठेवू : प्रश्न सुटतो, कोडं उलगडतं, कुतूहल शमतं, शंका फिटते. 'शंका सुटली' म्हणत नाहीत आणि 'कुतूहल सुटलं' तर अजिबातच नाही.