ऑर्केस्ट्रा ऑडिशन: चांदीचा हेडजॉइंट की लाकडी पिकोलो?

अलगुज: पाच महिन्यांनी ऑडिशन आहे. जागा दुसऱ्या फ्लूटची, सोबत पिकोलो (छोटा, उंच सुराचा फ्लूट). माझा फ्लूट चांदीच्या मुलाम्याचा, ओपन होल (म्हणजे कींना, बोटांनी दाबायच्या झाकणांना, मधे भोकं असलेला). पिकोलो प्लास्टिकचा, उसना. बजेटमध्ये एकच बसतं: माझ्या फ्लूटला चांदीचा हेडजॉइंट (फुंकायचा वरचा भाग) किंवा लाकडी पिकोलो. नवा फ्लूट सुचवू नका.

खर्ज: पूर्ण चांदीचाच फ्लूट घ्या. माझा तोच आहे, खालचे स्वर भरून येतात. थोडं थांबा, पैसे साठवा.

मुरकी: बजेट वाचा हो. पहिली फेरी बहुतेकदा पडद्याआड असते, तिथे चांदी कोण बघतंय? लय आणि सूर ऐकतात. देब्यूसीच्या 'फॉन' या रचनेत फ्लूटची सुरुवात सी शार्पवर, आणि त्या स्वराला जवळजवळ सगळी भोकं उघडी. म्हणून तो चढतो आणि पातळ होतो. ओठांनी छिद्र किंचित जास्त झाका, फुंकर खाली वळवा. पिकोलो घ्या.

षड्ज: ओपन होल मुळात घेतलाच कशाला? बोट जरा सरकलं की खालचा सी गेला.

खर्ज: आधुनिक रचनांतली मींड आणि पाव स्वर बंद कीवर काढून दाखवा!

मुरकी: धागा भरकटतोय.

तारसप्तक: पिकोलोला +१. पण आजच घ्या. नवं लाकूड पहिले काही आठवडे रोज १५-२० मिनिटंच वाजवायचं, लगेच आतून पुसायचं, नाहीतर चीर जाते. चायकोव्हस्कीच्या चौथ्या सिंफनीच्या तिसऱ्या भागात पिकोलो बराच वेळ गप्प असतो, मग एकदम द्रुत. तोवर वाद्य गार पडून सूर उतरतो. हातात धरून ऊब द्या.

षड्ज: पिकोलोच. पण आधी आहे तो फ्लूट तपासा. सफाईच्या कांडीवरची खूण फुंकायच्या छिद्राच्या बरोबर मध्यावर दिसली पाहिजे, म्हणजे हेडजॉइंटच्या बंद टोकातलं बूच त्या मध्यापासून १७ मिमीवर आहे. ते सरकलं की सप्तकं जुळत नाहीत. मग सिगारेटच्या कागदाची बारीक पट्टी प्रत्येक पॅडखाली (कीखालच्या मऊ गादीखाली) ठेवा, की अगदी हलकी दाबा, पट्टी ओढा. चारी बाजूंनी सारखी अडली पाहिजे. वर कुठेही हवा गळली की मार खालच्या स्वरांना बसतो. मग आपण की जोरात दाबतो आणि द्रुत जागा अडखळतात.

मुरकी: हेच आधी सांगायला हवं होतं.

अलगुज: एफच्या पॅडखाली मागच्या बाजूने पट्टी सरळ निसटली. आधी पॅड बदलून घेते, आणि हेडजॉइंट घेते, वापरलेला. पिकोलो उसनाच चालवेन.

तारसप्तक: पिकोलोच्या जागेसाठी हेडजॉइंट? पटलं नाही. निदान ऑर्केस्ट्राचं ट्यूनिंग (ए स्वर) ४४० हर्ट्झ की ४४२ हे आत्ताच विचारून घ्या, आणि तो उसना पिकोलो त्यावर जुळतो का बघा.