होमब्र्यू स्पेल ‘चकवा’: सेकंड लेव्हलला बसतो का?

देवराई

मंडळी, आमचा रविवारचा डंजन्स अँड ड्रॅगन्सचा (फासे टाकून खेळायचा भूमिकांचा खेळ) कँपेन कोकणासारख्या एका मुलखात चाललाय (नकाशा राजापूरच्या आसपासचाच, गावांची नावं तेवढी बदललीत). फिफ्थ एडिशन, नियम २०१४ चे, पार्टी पाचव्या लेव्हलला. माझा भाचा ड्रूइड (निसर्गाची जादू वापरणारं पात्र) खेळतो. त्याने स्वतःचा, पुस्तकात नसलेला (होमब्र्यू) स्पेल लिहून आणलाय आणि कल्पना इतकी झकास आहे की नाही म्हणवत नाही.

त्याचा सेकंड लेव्हलचा मसुदा असा: रेंज ६० फूट, २० फूट त्रिज्येचं वर्तुळ. आतल्या प्रत्येकाने विझ्डम सेव्ह (फासा टाकून स्पेलमधून वाचायचा प्रयत्न) करायचा. फसला की एक मिनिट तो वर्तुळातच भटकत राहतो, बाहेर पडता येत नाही, दुसरं काही करताही येत नाही. कॉन्सन्ट्रेशन (स्पेल टिकवायला लक्ष धरून ठेवणं) नाही. पुन्हा सेव्ह नाही.

“मावशी, डॅमेज शून्य आहे, मग जड कसा?” हा त्याचा युक्तिवाद. चाचणी म्हणून चार ओगर (धिप्पाड राक्षस) समोर ठेवले. तिघे फसले. चौथ्याला पार्टीने घेरून मारलं, मग उरलेल्यांना सावकाश, एकेक करून. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. सरळ फोर्थ लेव्हलला ढकलावा असं एक मन म्हणतं, पण मग त्याचं पात्र सातव्या लेव्हलला पोचेपर्यंत तो त्याला मिळणार नाही, आणि आमच्या वेगाने तेव्हा पुढचे गणपती आलेले असतील. काय कापू?

खडूस डीएम

“डॅमेज शून्य” हे प्रत्येक टेबलावर कुणीतरी म्हणतंच. समोरच्याचा टर्न खाणं डॅमेजपेक्षा महाग असतं. फायरबॉल स्पेलचं डॅमेज ८डी६ (सहा बाजूंचे आठ फासे), म्हणजे सरासरी २८. ५९ एचपीचा (जीवाचे गुण) ओगर तो सोसून पुढच्या टर्नला तुमच्या टाळक्यात सोटा घालतो. भाच्याचा चकवा त्याला दहा राऊंड, म्हणजे मिनिटभर, शोभेला उभा करतो.

छापील स्पेल शेजारी ठेवून बघा. कन्फ्यूजन ड्रूइडच्याच यादीत आहे, फोर्थ लेव्हलचा. त्रिज्या फक्त १० फूट, कॉन्सन्ट्रेशन लागतं, दर टर्नच्या शेवटी पुन्हा सेव्ह, आणि दहा बाजूंच्या फाशावर ९ किंवा १० पडला तर बळी नेहमीसारखा वागतो. हिप्नॉटिक पॅटर्न थर्ड लेव्हलचा. त्यात पुन्हा सेव्ह नाही, पण कॉन्सन्ट्रेशन आहे आणि एक फटका बसला की तंद्री सुटते. चकवा या दोघांना सेकंड लेव्हलच्या स्लॉटमध्ये (त्या लेव्हलचा स्पेल टाकायची जागा) मागे टाकतो. डीएमजीतला (डंजन मास्टर्स गाइड) डॅमेजचा तक्ता इथे कामाचा नाही. (तसाही तो थर्ड लेव्हलला अनेकांवर ६डी६ च देतो, आणि फायरबॉल कधीचा ८डी६ घेऊन बसलाय.)

आता कापायचं काय? बहुतेक जण आधी ‘पुन्हा सेव्ह’ जोडतात. जोडा, पण वाटतं तेवढा फरक पडत नाही. ड्रूइडचा विझ्डम १८ धरला तर डीसी (सेव्हला गाठायचा आकडा) १५. ओगरचा विझ्डम ७, म्हणजे उणे २. त्याला वीस बाजूंच्या फाशावर १७ लागतात, ८० टक्के वेळा तो फसणार. पुन्हा सेव्ह नसेल तर पहिल्या तीन राऊंडमध्ये त्याचे सरासरी २.४ टर्न वाया जातात. दर टर्नला सेव्ह दिला तरी १.९५. अर्ध्या टर्नचाही फरक नाही, आणि तोवर लढाई बहुतेक आटपलेली असते. खरी किंमत कॉन्सन्ट्रेशनची. ते लावलं की ड्रूइडला झोडपून स्पेल तोडायची वाट समोरच्याला मिळते, आणि ड्रूइडला सोबत दुसरा कॉन्सन्ट्रेशनवाला स्पेल चालवता येत नाही.

दुसरं, ‘काही करता येत नाही’ हे साफ उडवा. चकव्यात माणूस चालतो आणि फिरून त्याच जागी येतो, त्याचे हात कुणी बांधत नाही. टर्नच्या शेवटी बळी निघाल्या जागी परत, एवढंच ठेवा. जवळ आलेल्याला तो सोटा घालेल, धनुष्य असेल तर बाण मारेल. मग पार्टीला अंतर राखून डोकं चालवावं लागेल. एवढं केलंत तर सेकंड लेव्हलला बसतो.

रात्रपाळी

कॉन्सन्ट्रेशनला +१. पण खडूस, तुमच्यात एक भोक आहे. टर्नच्या *शेवटी* परत जायचं असेल तर ओगर चालत येईल, सोटा घालेल आणि स्पेलच त्याला फुकटात माघारी नेऊन ठेवेल. वर्तुळाची कड ओलांडली त्याच क्षणी परत, आणि उरलेली चाल शून्य, असं लिहा.

आणि ‘भटकत राहतो’ म्हणजे चालणं सक्तीचं का? पार्टीत रेंजर असेल तर तो त्याच जागेवर स्पाइक ग्रोथ (जमिनीवर काटे उगवणारा स्पेल) टाकेल. दर ५ फुटांना २डी४. मधोमधून कडेपर्यंत २० फूट म्हणजे ८डी४, सरासरी २०, मग पुन्हा मधोमध, पुढच्या टर्नला परत तेच. चालायचं की नाही हे बळीला ठरवू द्या.

खडूस डीएम

भोक मान्य. तुमचं वाक्यच घ्यावं.

माहेर संगमेश्वर

मी डीएम (खेळ चालवणारी) नाही, खेळते फक्त. आमच्याकडे म्हातारी माणसं सांगायची, चकवा लागला तर धावाधाव करू नये, एका जागी बसून राहावं, उजाडलं की वाट सापडते. तेच नियमात घाला की. जो आपल्या टर्नला जागचा हलला नाही, त्याला टर्नच्या शेवटी होणाऱ्या सेव्हवर ॲडव्हान्टेज (दोन फासे टाकून चांगला तो धरायचा). हुशार हॉबगॉब्लिन दुसऱ्या टर्नला बसेल. ओगर चालतच राहील.

देवराई

हे तर फारच आवडलं! हिशेब केला: बसलेल्या ओगरची सुटायची शक्यता २० वरून ३६ टक्के होते, पण इंटेलिजन्स ५ वाल्याला ते सुचणार कुठून. कॉन्सन्ट्रेशन, कड ओलांडली की परत, चालणं ऐच्छिक, बसलं तर ॲडव्हान्टेज. सेकंड लेव्हल कायम. भाच्याला पाठवलं तर लगेच उत्तर आलं, “मग निदान अपकास्ट तरी दे.” (म्हणजे वरच्या लेव्हलच्या स्लॉटने टाकला तर जास्तीचा फायदा.) काय देऊ?

खडूस डीएम

त्रिज्या वाढवू नका, २० पुष्कळ झाली. वेळ वाढवा: थर्डच्या स्लॉटला दहा मिनिटं, फोर्थला एक तास. लढाईत काही फरक पडत नाही, पण मागावर आलेल्यांना रानात फिरवत ठेवायला उपयोगी. आणि उडणाऱ्याला चकवा लागतो की नाही ते आत्ताच लिहून टाका. नाहीतर तुम्ही वायव्हर्न काढाल त्या रविवारी अर्धा तास त्यावरच वाद चालेल.