मदर लव्ह बोन : पहिला अल्बम बाजारात येण्याआधीच संपलेला बँड

प्रश्न : सिएटलच्या या हार्ड रॉक बँडचे नाव बहुधा पर्ल जॅम या नंतरच्या बँडच्या संदर्भातच निघते. १९८८ ते १९९० या काळात त्यांनी स्वतःचे असे काय केले, हे जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद १ : ग्रीन रिव्हर हा बँड फुटल्यावर त्यातील स्टोन गॉसार्ड आणि जेफ अमेंट (पुढे पर्ल जॅम उभा करणारे) यांनी गायक अँड्र्यू वुडला घेऊन हा बँड उभा केला. १९८९ मध्ये ‘शाइन’ ही ईपी (मोजक्या गाण्यांची छोटी ध्वनिमुद्रिका) आली; मात्र ‘ॲपल’ हा अल्बम तयार होऊन प्रकाशनाच्या वाटेवर असतानाच, मार्च १९९० मध्ये हेरॉइनच्या अतिसेवनाने वुड वारला आणि अल्बम जुलैमध्ये, बँड मोडल्यावर आला.

प्रतिसाद २ : ‘शाइन’मधील ‘क्लोई डान्सर’ आणि ‘क्राउन ऑफ थॉर्न्स’ ही जोडगाणी अवश्य ऐकावीत. संथ पियानोपासून भरघोस गिटारपर्यंत आठ मिनिटांहून अधिक चाललेला तो प्रवास ऐकला, की या मंडळींना सरसकट ग्रंजमध्ये (सिएटलमधून पुढे आलेल्या खरखरीत रॉक शैलीत) ढकलणे पटत नाही. वुडच्या गाण्यात सत्तरच्या दशकातील ग्लॅम रॉकचा (भडक, नाटकी रॉक शैलीचा) नखरा (आणि तो त्याला शोभतोही) स्पष्ट जाणवतो.

प्रतिसाद ३ : वुडसोबत एकाच घरात राहिलेल्या, साउंडगार्डन बँडचा गायक ख्रिस कॉर्नेलने त्याच्या स्मरणार्थ गाणी लिहिली. त्यांतूनच गॉसार्ड आणि अमेंट यांच्या साथीने १९९१ मध्ये ‘टेम्पल ऑफ द डॉग’ हा अल्बम निघाला.